फाईल नंबर नऊ

तुर्भ्याच्या गाळ्यात शटर अर्धं खाली ओढून
मी जुन्या एस्टीमच्या डॅशबोर्डखाली उताणा,
तोंडात टॉर्च, छातीवर मल्टीमीटर,
पाय बाहेर, चहावाल्याला ओळखू येतील असे.

करावे गावच्या निकेत तांडेलनं खोकं आणलं होतं.
कंट्रोलर, साबणाच्या वडीएवढा.
डेटा लॉगर, त्याहून लहान.
आणि डिकीत निळी बाटली, पट्ट्यांनी आवळलेली,
तोंडाकडून उशीइतकी उचललेली.

तीसला बॅटरी, फ्यूजमधून.
सत्त्याऐंशीला सोलेनॉइड.
पंच्याऐंशीला अर्थ.
अर्थ लागत नसेल तर आधी रंग खरवड,
उस्ताद म्हणायचे,
खाली पत्रा असतोच.
मी खरवडला. चकाकला.
कॉइलजवळून जाणाऱ्या सिग्नलच्या वायरीला जाळीचा सदरा,
तिला अर्थ एकाच टोकाला,
दोन्हीकडे दिला की ती आपलीच गुणगुणत बसते
आणि लॉगरला तेच खरं वाटतं.

निकेतला समजावलं :
लाल कळ वर पाहिजे,
पॅडल पार तळाला पाहिजे,
इंजिन साडेतीन हजारांच्या पुढे पाहिजे,
तिन्ही जुळलं तरच वायू सुटेल.
लग्न जमवताना याहून कमी बघतात, म्हटलं.
तो हसला नाही. बापाशी त्याच विषयावर वाजलं होतं.
हिराजी तांडेल सगळ्या आळीला ऐकवून म्हणाले होते,
मी मेलू तरी त्या डब्यान बसनार नाय.

पंधरा दिवसांनी लॅपटॉप काखेत मारून निकेत हजर.
वर गेल्यावर गाडी अडखळते म्हणाला.
सात आणि आठ, उलव्याच्या अर्धवट रस्त्यावरच्या रात्री :
पॅडलची रेघ भिंतीसारखी उभी,
बाटलीचा दाब मात्र उतरत चाललेला,
थंड बाटली, दुसरं काही नाही.
मग मी नऊ उघडली.

पहाटे चार बावन्न.
पॅडल आठ टक्के.
वेग अठ्ठावीसच्या वर एकदाही नाही.
सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये,
चार ठिकाणी जवळजवळ शून्य, चार गतिरोधक,
दिवाळे गावाकडे जाताना मी ते रोज मोजतो.
मग तेवीस मिनिटं गाडी जागेवर, इंजिन चालू,
होड्या लागायची वाट पाहत असल्यासारखी.
आणि लाल कळ वर!
बाटलीचा हीटरही चालू.
पंख्याचं बटण समजले असावेत.
त्या तेवीस मिनिटांत दाब चढत चढत
निकेतला कधी मिळाला नव्हता तिथे पोचलेला,
आणि पुढच्या सीटवर, ज्यानं पंचवीस वर्षं होडी हाकली
तो माणूस, क्लच अर्धा दाबून, खाडीकडे बघत.
तीनपैकी एकच अट पुरी झाली होती.
माझ्या हाताला उगाच घाम आला.

ही कधीची? निकेतनं विचारलं.
तू झोपेत असतानाची, असं ओठांवर आलं होतं.
सेन्सर नवा असला की टाकतो अशा रेघा, म्हटलं.
लॉगरनं माझ्याकडे पाहिलं असतं, डोळे असते तर.

आणखी एक, काका. डिकीत वास येतो.
गॅस गळत नसेल ना?

बघतो, म्हणून मागे गेलो.
बाटलीच्या खालच्या पट्ट्यात
एक खवला अडकला होता, सुकलेला, नखाएवढा,
उजेडात धरला तर रंग बदलणारा.
खिशात टाकला.
गळत नाही, म्हटलं. रबर नवं आहे, त्याचा वास.

मग लाल कळीवर उघडझाप होणारं झाकण बसवलं,
बिलात लावलं नाही.
नऊ नंबर पुसून टाकू का, तो विचारत होता.
राहू दे रे.
कार्डात जागा पुष्कळ आहे.